कोमट पाण्यातला आरसा

मित्रांनो, आरसा म्हटले की तुम्हाला भिंतीवरचा आरसा आठवेल, ज्यात बघून तुम्ही शाळेत जाण्यापूर्वी भांग पाडता. मी तसला नाही. मी जुना आहे एवढे खरे, पण आकाराने जुन्या रुपयाएवढा गोल आहे आणि मला पोलादाची एक लांब दांडी आहे. मला तोंडात घालतात. दाढांच्या मागे, जिभेच्या खाली, जिथे माणसाची स्वतःची नजर पोचत नाही तिथे मी जातो आणि काय आहे ते दाताच्या डॉक्टरांना दाखवतो.

सांगायला बसलो खरा, पण हे मला जमेल असे मला वाटत नाही. माझा जन्म दाखवण्यासाठी झाला, बोलण्यासाठी नव्हे. शिवाय माझ्यात सगळे उलटे दिसते, उजवी दाढ डावीकडे जाते. तेव्हा माझ्या सांगण्यात काही उलटसुलट झाले तर तुम्हीच ते सुलट करून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका खोक्यात आम्ही बरेच भाऊ एकमेकांना चिकटून निजलो होतो. खोके उघडले तेव्हा पहिला चेहरा दिसला तो अण्णांचा. अण्णा म्हणजे डहाणूचे दाताचे डॉक्टर. त्यांचे खरे नाव पाटीवर होते, पण ते कुणी वाचत नसे. लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणत. घोलवडचे चिकूवाले बागायतदार, वाणगावच्या भाजीवाल्या बाया, खाडीवरचे मच्छीमार, सगळे त्यांच्यापुढे तोंड उघडून बसत.

अण्णांची एक सवय होती. मला उकळून स्वच्छ केले की ते मला एका स्टीलच्या वाटीत, कोमट पाण्यात बुडवून ठेवत आणि तिथून काढून थेट रोग्याच्या तोंडात घालत. गार आरसा तोंडात गेला की श्वासाची वाफ त्यावर बसते आणि त्याला काही दिसत नाही. कोमट आरशावर वाफ बसत नाही. "आंधळ्याला वाट विचारून काय उपयोग?" असे अण्णा म्हणत. ही वाटी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

माझा स्वभाव संशयी आहे. जन्मतः नव्हता, धंद्याने झाला. माणसे जे सांगतात ते आणि मला दिसते ते, यांचा मेळ फार क्वचित बसे.

"तंबाखू खाता का?" अण्णा विचारत.

"छे हो अण्णा! फक्त वास घेतो," असे म्हणणाऱ्या बागायतदाराच्या गालात, माझ्या शेजारीच, तंबाखूची गोळी बसलेली असे.

"गोड?"

"सणावारी."

आणि तिकडे दाढेच्या खळग्यात कालची चिक्की. असे रोज पाहिल्यावर कुणाचाही स्वभाव बिघडेल. माझाही बिघडला. मी सगळ्यांवर संशय घेऊ लागलो आणि मग सवयीने स्वतःवरही. कारण माझ्या काचेच्या कडेला एक तपकिरी ठिपका पडला होता. तो गंजाचा होता की आणखी कशाचा, ते मला ठाऊक नाही. पण दातावर डाग दिसला की मला वाटे, हा डाग दाताचा की माझा?

सन २०१४ मध्ये अण्णांची लेक, डॉक्टर रिया, मुंबईहून शिकून परत आली. दवाखान्यात नवी खुर्ची आली, पांढरा लख्ख दिवा आला आणि त्यासोबत नवे आरसे आले. त्यांच्यावर म्हणे वाफ बसतच नाही. मला ते खरे वाटले नाही. अजूनही वाटत नाही. पण माझे कोण ऐकणार? अण्णांचे हात थरथरू लागले होते. त्यांनी खुर्ची लेकीला दिली आणि मी एका पत्र्याच्या पेटीत गेलो. पेटीवर लिहिले होते, 'शिबिरासाठी'. हे शिबिर म्हणजे काय, ते मला माहीत नव्हते. मला वाटले, भंगाराचे ते नवे नाव असावे.

त्या पेटीत मी बराच काळ अंधारात पडून होतो. शेजारी दाढा उपटायच्या पकडी होत्या. त्यांच्याशी माझे कधीच पटले नाही. आम्ही आरसे बघतो, त्या उपटतात. बघून झाल्यावर काय करायचे ते माणूस ठरवतो, हे मला कळते. तरी पकडींची ती थंड, तयार चमक मला संशयास्पदच वाटे.

दोन वर्षांनी, एका हिवाळ्यात, पेटी उघडली. तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एक निवासी आश्रमशाळा होती. तिचे नाव मी सांगत नाही. तिथल्या मुलांचे दात तपासायला रिया निघाली होती आणि अण्णा हट्टाने तिच्याबरोबर जीपमध्ये बसले होते. चारोटीला जीप थांबली, अण्णांनी चहा घेतला आणि म्हणाले, "रिया, आरसे पुरतील ना?"

"पुरतील हो अण्णा."

पुरले नाहीत. मुले जास्त, आरसे कमी. एक आरसा एका तोंडात गेला की तो पुन्हा उकळल्याशिवाय दुसऱ्या तोंडात घालायचा नसतो. नवे आरसे उकळीच्या भांड्यात रांग लावून बसले आणि मला बाहेर काढण्यात आले. अण्णांनी मला उकळले, शाळेच्या स्वयंपाकघरातून उकळून आणलेले कोमट पाणी वाटीत ओतले आणि मला त्यात ठेवले.

"अण्णा, आता कोण वाटी वापरतं?" रिया म्हणाली.

"मी वापरतो. तू तुझं बघ."

व्हरांड्यात बाकावर तपासणी चालली होती. मुलींची रांग लागली होती आणि रांगेत कुजबुज होती.

"ए, जीभ कापतात गं."

"तुझी कापली तर बरंच होईल. वर्गात शांतता."

"सुई मारतात काय?"

"तुला दोन मारतील. तू जाडी आहेस."

मुली हसत होत्या, पण प्रत्येकीची नजर पकडींच्या पेटीकडे होती. मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. कुठल्या वस्तूवर संशय घ्यायचा ते त्यांना बरोबर कळते.

तेवढ्यात मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, संगीता मॅडम, एका मुलीचा दंड धरून रांगेच्या पुढे आल्या. मुलगी तिसरीतली होती, सडपातळ, ओठ घट्ट मिटलेले.

"डॉक्टर, हिला आधी बघा. ही नवशी. ही आमची गूळचोर."

व्हरांड्याच्या पायरीवर एक बाई बसली होती, ती उठून उभी राहिली. ती नवशीची आई, जानी. तिला सकाळीच पाड्यावरून बोलावून घेतले होते.

"कोठीतला गूळ कमी होतोय," संगीता मॅडम म्हणाल्या. "आणि ही रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळताना सापडते. हातात पेला लपवलेला. विचारलं तर तोंड उघडत नाही. आता तिची दाढ बघा, गुळानं काळी पडून फुटलीय. याहून वेगळा पुरावा कशाला? तुम्ही ती दाढ काढून टाका, म्हणजे मी हिला हिच्या आईबरोबर घरी पाठवते. एकीला सोडलं तर उद्या सगळ्या कोठीत शिरतील."

जानी पुढे आली. "माजी पोर चोर नाय, बाय."

"मग दात कसे सडले?"

जानी म्हणाली, "दुधाची दाढ हाय ती. काढा पायजे तर. दुसरी येल. पण पोरीला साळंतून काढू नका. घरी कोण हाय? मी न् हिचा बाप देवजी खाडीत रेती काढायला जातो. ती पण मंग रेतीवरच येल."

मित्रांनो, तेव्हा त्या व्हरांड्यात प्रत्येक जण कुणावर तरी संशय घेऊन उभा होता. मॅडमचा नवशीवर, जानीचा मॅडमवर आणि डॉक्टरांवर, मुलींचा पकडींवर. आणि नवशीची एक दाढ आणि तिची शाळा, दोन्ही एकदम जाणार होत्या.

रियाने एका नव्या आरशाने दाढ पाहिली. नवशीने जेमतेम बोटभर तोंड उघडले होते. खालची उजवी दाढ होती. वरचा भाग ढासळलेला, मधे काळा खळगा. रियाचा चेहरा उतरला.

"ही दुधाची नाही," ती म्हणाली. "ही कायमची आहे. सहाव्या वर्षी शेवटच्या दाढेच्याही मागे येते. ती येताना पुढची एकही दाढ पडत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की ही पण दुधाचीच. पण किती खराब झालीय! बाळ, तू दात घासत नाहीस का?"

नवशी गप्प.

"मशेरी लावतेस?"

गप्प.

"बरं, चूळ भर. मला नीट बघू दे."

बाकाशेजारी माठ होता. मॅडमनी पेला भरून तिच्या हातात दिला. नवशीने पेला धरला, पण तोंडाला लावला नाही.

"बघा, बघा हट्ट!" मॅडम म्हणाल्या. "रोज सकाळी ब्रशच्या वेळी हेच. नळाशी उभी राहते आणि ब्रश ओला करून परत आणते. मला काय कळत नाही?"

रांग लांब होती. ऊन उतरत होते. रियाने मान हलवली आणि पेटीतली पकड काढून मेजावर ठेवली. तिचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. शिबिरात दाढ साफ करून भरायची सोय नसते. त्यासाठी डहाणूला खेपा घालाव्या लागतात आणि पाड्यावरची माणसे एकदा गेलेली पुन्हा येतील की नाही, याचा डॉक्टरांना नेहमी संशय असतो. तो संशय बहुधा खरा ठरतो. म्हणून शिबिरात दाढा निघतात.

मी तेव्हा वाटीच्या तळाशी होतो. माझ्यावर कोमट पाण्याचा थर होता आणि त्यातून आढ्याची कौले दिसत होती. रिया सुई भरायला वळली. मॅडम जानीशी बोलत होत्या. अण्णा रुमालाने चष्मा पुसत होते. तेवढ्यात कौलांच्या जागी एक चेहरा आला. नवशीचा. तिने वाटीला बोट लावले. मग पाण्यात बोट बुडवले. मग झटकन वाटी उचलली आणि तोंडाला लावली.

मी घरंगळत तिच्या ओठांवर जाऊन आपटलो.

"अगं, अगं!" अण्णा ओरडले. "तो माझा आरसा आहे! प्यायलीस की काय?"

रांगेतल्या मुली खदखदून हसल्या. "नवशी आरसा प्यायली! आता पोटातलं दिसणार!"

नवशीने ते पाणी गिळले नव्हते. तिने गाल फुगवून ते तोंडभर फिरवले, इकडून तिकडे, अगदी मनापासून, आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन चूळ टाकली. मग मुली हसताहेत हे बघून तिलाही हसू फुटले. ती हसताना प्रथमच तिचे पुढचे दात दिसले. लगेच तिने ओठ मिटले.

अण्णा मात्र वाटीकडे बघत राहिले. माठातला पेला भरलेला तसाच मेजावर होता.

"बाळ," त्यांनी हळू विचारले, "माठातलं पाणी का नको होतं?"

नवशी आईकडे बघत पुटपुटली, "ते चावतं."

"पाणी चावतं?"

"गार पाणी चावतं. इथं." तिने गालावर हात ठेवला. मग दुसऱ्या गालावर. "इथं पण."

"आणि स्वयंपाकघराशी काय करत होतीस?"

"आंघोळीचं पाणी तापतं ना चुलीवर. त्यातलं पेलाभर. ते नाय चावत."

हातातली सुई खाली ठेवून रिया नवशीसमोर उकिडवी बसली.

"मघाशी हसलीस तशी पुन्हा हस बघू. मला नाही जमत हसवायला. अण्णा, तुमचा आरसा द्या."

मी अजून कोमट होतो. नवशीने तोंड उघडले, या वेळी पूर्ण. तिचा श्वास माझ्यावर आला, पण वाफ बसली नाही. मी पाहिले आणि नेहमीप्रमाणे आधी स्वतःवरच संशय घेतला. कारण पुढच्या दातांवर पिवळट तपकिरी पट्टे होते आणि खळगे होते, बोटांनी मऊ माती दाबावी तसे. डावीकडच्या दाढेवर तोच पट्टा. वरच्या दाढांवरही तोच. दोन्ही बाजूंना, जवळजवळ त्याच जागी.

"अण्णा, हे किडण्यानं झालेलं नाही," रिया म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "म्हणजे कीड आहे, पण ती नंतरची. दाताचं वरचं कवच, एनॅमल, ते मुळातच कच्चं राहिलंय. दात आतून वर आले तेच असे. मघाशी मी एकच दाढ बघितली. माझं चुकलं."

"म्हणजे गूळ?" मॅडमनी विचारले.

"गुळानं एकाच वेळी चारही बाजूंना सारखा पट्टा पडत नाही, मॅडम. कवच पातळ, म्हणून गार पाणी लागतं. गार पाणी लागतं, म्हणून ब्रश करवत नाही. ब्रश नाही, म्हणून कीड. आणि आपण म्हणतो, पोरगी आळशी."

तिने जानीकडे वळून विचारले, "ही तान्ही असताना फार आजारी पडली होती का?"

जानीच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता ही बाई दोष माझ्यावर टाकणार, असे तिला वाटले असावे. "सगळ्यांचीच पोरं पडतात."

"मी तुम्हाला बोल लावत नाही हो. खरंच विचारते."

जानी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. "वरसाची होती. खाडीवर होतो आमी, रेतीला. लई ताप आला. कितीतरी दिवस. दूध पण वढंना. वाटलं, गेली. नवस बोलले, म्हणून नाव नवशी. पयलं नाव दुसरं होतं."

"त्याच वयात हे दात हिरडीच्या आत तयार होत असतात," रिया म्हणाली. "त्या तापानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण हिनं काही केलं म्हणून झालेलं नाही, हे मात्र नक्की. ही दाढ अजून वाचेल. साफ करून, भरून वर टोपी बसवता येईल. त्यासाठी डहाणूला यावं लागेल. एकदा नाही, काही वेळा."

आता जानीचा संशय पुन्हा जागा झाला. "डहाणूला नेऊन मंग काढाल. मागल्या वेळी असंच झालं. पाड्यावर गाडी आली, देवजीची दाढ काढली न् गाडी निघून गेली. रातभर रगत थांबंना. तवा कुठं होते डाक्तर?"

ती गाडी रियाची नव्हती, पण ते सांगून काय उपयोग?

मग अण्णांनी एक गोष्ट केली, जी मी माझ्या सबंध आयुष्यात कधी पाहिली नव्हती. त्यांनी मला पुन्हा उकळवले, कोमट पाण्यात बुडवले आणि माझी दांडी जानीच्या हातात दिली.

"आमच्यावर भरवसा ठेवू नकोस," ते म्हणाले. "तूच बघ."

जानीचा हात खरखरीत होता आणि अण्णांच्या हातापेक्षा स्थिर होता. तिने मला भीत भीत लेकीच्या तोंडात घातले, रियाने बॅटरी धरली. जानीने पाहिले आणि लगेच मला बाहेर काढले.

"हा डाग तुमच्या आरशाला हाय," ती म्हणाली आणि माझ्या कडेवरच्या ठिपक्यावर तिने बोट ठेवले. मग तिने पदराच्या टोकाने मला खसाखसा पुसले.

"अहो, पदरानं नको!" रिया कळवळली आणि मला पुन्हा उकळीत जावे लागले.

खरे सांगू? मला जानीचा राग आला नाही. उलट बरे वाटले. इतकी वर्षे जो संशय मी स्वतःवर घेत होतो, तो प्रथमच कुणीतरी मोठ्याने बोलून दाखवला होता.

दुसऱ्यांदा जानीने मला आत घातले आणि हळूहळू फिरवले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. माझा ठिपका माझ्याबरोबर फिरला. दाढेवरचा पट्टा दाढेवरच राहिला. तिने मला वरच्या दाढेकडे नेले. तिथेही पट्टा होता. ठिपका पुन्हा माझ्याबरोबर हलला, पट्टा जागचा हलला नाही.

जानीने मला बाहेर काढले आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवले.

"ही दुधाची नाय म्हनता?"

"नाही. ही जन्मभराची."

"मंग काढू नका," जानी म्हणाली. "येन मी डहाणूला."

रियाने मेजावरची पकड उचलून पेटीत टाकली. पकडींच्या पेटीचे झाकण इतक्या आवाजाने बंद झालेले मी कधी ऐकले नव्हते.

पण गुळाचे काय? संगीता मॅडम वाईट नव्हत्या. कोठीची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि गूळ खरोखर कमी होत होता. त्या खजील झाल्या होत्या, तरी संशय सहजासहजी सुटत नाही. "पण मग गूळ जातो कुठे?" त्या म्हणाल्या.

स्वयंपाकीणबाई हिरकणी दारात हात पुसत उभी होती. सगळा तमाशा तिने पाहिला होता.

"तुमच्या चहात," ती म्हणाली.

"काय?"

"साखर संपली तेव्हा तुम्हीच नाय म्हणालात, हिरकणी, गुळाचा कर? तेव्हापासून गुळाचाच करते. त्यात पाहुणे आले की सगळ्यांना. तपासणीला साहेब आले की त्यांना दोनदा."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला कुठे विचारलंत? तुम्ही पोरीला विचारत होतात."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू की रडू, काही कळेना. शेवटी त्या नवशीजवळ गेल्या. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. त्यांनी मेजावरचा माठातल्या पाण्याचा पेला उचलून अंगणात रिकामा केला आणि हिरकणीला म्हणाल्या, "उद्यापासून नळाशेजारी कोमट पाण्याची बादली ठेव. दात घासायच्या वेळी. ज्याला गार पाणी चावेल, त्यानं त्यातलं घ्यावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादलीपाशी नवशी एकटी नव्हती, असे हिरकणीने नंतर डहाणूला आल्यावर सांगितले. आणखी काही मुले मुकाट येऊन उभी राहिली होती. त्यांनाही पाणी चावत होते आणि तीही कधी बोलली नव्हती. ती मुलेही मग डहाणूला येऊन गेली.

जानी आली का? हा संशय मलाही होता. पहिल्या शनिवारी मी खिडकीशी ठेवलेल्या वाटीत होतो आणि जिन्यावरच्या प्रत्येक पावलाकडे माझे लक्ष होते. दुपार झाली. रियाने दोनदा घड्याळ पाहिले. मग अनवाणी पायांचा आवाज आला. एसटी चुकली म्हणून मायलेकी चारोटीपासून टेम्पोत, टोमॅटोच्या करंड्यांवर बसून आल्या होत्या. जानी दारातच थांबून म्हणाली, "आरसा कुठंय? आधी मी बघनार."

त्यानंतर प्रत्येक वेळी तिने आधी पाहिले. दाढ साफ झाली, तिच्यात पांढरे औषध भरले गेले, वर चांदीसारखी टोपी बसली. बाकीच्या दाढांना आणि पुढच्या दातांना लेप लावला गेला. जानीचा संशय पुरता गेला असे मी म्हणणार नाही. तो प्रश्न विचारण्यात गेला, एवढेच. "ही टोपी निघली तर? लेप किती दिवस? मऊ ब्रश म्हंजे कुठला, हातात द्या." रियाला सुरुवातीला त्रास झाला. नंतर ती इतर आईबापांनाही आरसा हातात देऊ लागली.

आता २०१९ साल चालू आहे. माझ्या काचेची चकाकी पार गेली आहे. आतला काळेपणा वर येत चालला आहे आणि तो जुना ठिपका आता शोधूनही सापडत नाही, कारण सगळीकडे तेच आहे. मला तोंडात घालणे केव्हाच बंद झाले. अण्णांच्या वाचायच्या मेजावर, पेन ठेवायच्या पेल्यात मी उभा असतो. अण्णा पुस्तक वाचता वाचता डुलकी घेतात तेव्हा त्यांची हनुवटी माझ्यात उलटी दिसते. एवढेच माझे काम.

गेल्या महिन्यात नवशी तपासणीला आली. आता ती सहावीत आहे. आईबरोबर नव्हे, हिरकणीबरोबर आली आणि खिडकीजवळच्या जागेवरून हिरकणीशीच भांडली. अण्णांनी तिला मेजापाशी बोलावले.

"टोपी शाबूत आहे का?"

"आहे. बघायची का?" तिने पेल्यातून मला उचलले आणि ती थांबली. तिने घासून, साबणाने धुऊन मला स्वच्छ केले. मग हिरकणीला म्हणाली, "मावशी, कोमट पाणी दे ना वाटीत."

"कशाला गं आता?"

"आंधळा होईल नाहीतर तो."

तिने मला वाटीत बुडवले आणि वर वाकून वाट बघत बसली. वाटीच्या तळाशी मी होतो, वर कोमट पाणी, आणि त्यावर तिचा चेहरा. ती हसत होती. या वेळी तिने ओठ मिटले नाहीत. दातांवरचे पट्टे अजून आहेत. ते जाणार नाहीत, कवच एकदा कच्चे राहिले की पुन्हा भरून येत नाही. पण दाढ जागेवर आहे आणि ती शाळेत आहे.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही आणि माझ्या काचेत आता धड दिसतही नाही. तरी एक विनंती करतो. तुमच्या वर्गातले एखादे मूल किंवा घरातले लहान भावंड नळाशी उभे राहून ब्रश नुसताच ओला करून परत आणत असेल, गार पाण्याला तोंड फिरवत असेल, एकाच गालाने चावत असेल, हसताना ओठ मिटत असेल, तर त्याला लगेच आळशी म्हणू नका, चोर तर मुळीच म्हणू नका. सहाव्या वर्षी मागे गुपचूप आलेली दाढ दुधाची नसते, हे घरी सांगा. आणि सगळ्यात आधी, पाण्यात जरा ऊन पाणी मिसळून पेला त्याच्या हातात द्या आणि विचारा, "पाणी चावतं का रे?"

मग ते काय सांगते ते ऐका.